आबांचा होकार

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

झाली! निवड झाली! जर्मनीच्या ऑपेरा हाऊसमध्ये दोन वर्षं — शिकायचं आणि छोट्या छोट्या भूमिका करायच्या. चारशे जणांतून आठ घेतले. त्यात मी, राजेश्वरी, मुक्काम बेडसे! सोप्रानो. म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच आवाज.

लोणावळ्याच्या माझ्या गाण्याच्या मॅडम फोनवर आधी रडल्या. मग लगेच, "उद्या वेळेवर ये. तुझा वरचा सूर अजून पातळ लागतो."

खोटं! मुळीच पातळ नाही.

१९ फेब्रुवारी

माझे वडील, अण्णा, देहूरोडच्या डेपोतली ड्यूटी करून आले. आधी चहा पिऊ दिला, मग सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आबांना विचार. ते हो म्हणले तर जा."

एकतीस मार्चच्या आत उत्तर कळवायचंय. आणि आमच्या आजोबांनी आजवर कशाला चटकन हो म्हटलंय? ट्रॅक्टर घ्यायला सहा वर्षं लावली!

२० फेब्रुवारी

विचारलं. आबा गव्हाला पाणी देत होते.

"आबा, जाऊ का?"

"कुटं?"

"जर्मनीला. गायला."

"हितं काय गाता येत न्हाई व्हय?"

म्हटलं, हितं माझं कोण ऐकतंय? फावडं हाणत म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे नाही. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

१ मार्च

लोणावळ्यात, तुंगार्लीला मॅडमकडे. पियानोच्या पट्ट्या दमटपणानं फुगतात, म्हणून त्याच्या पोटात बारमाही बल्ब पेटलेला असतो. "कळवलंस का?" म्हणाल्या. म्हटलं, आबांचं बघू चाललंय. "मी येऊन बोलू का त्यांच्याशी?" म्हटलं, नको, माझी मी मनवते.

ऑपेरात माइक नसतो. हजार माणसांच्या डोक्यावरून शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज न्यायचा असतो, आणि तो मी नेते. मग घरातल्या एका म्हाताऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणजे काय!

९ मार्च

आबा गेले. सकाळी, गोठ्यात. म्हशीची धार काढायची राहिली होती.

११ मार्च

हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मला लटकवून गेले म्हातारे! असं लिहू नये. लिहिलं, आणि मग पोटभर रडले.

१८ मार्च

दशक्रिया, पवनेच्या घाटावर. सगळी भावकी, पाहुणे. पिंड ठेवला — आणि कावळा शिवेना. समोर बाभळीवर तीन बसले होते, ढिम्म!

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. झालं, जो तो आबांना वचनं द्यायला लागला. अण्णा म्हणाले, "बांधाचं भांडण मिटवतो, आबा." ढिम्म. माझा भाऊ सत्यम म्हणाला, "गाडी हळू चालवीन." ढिम्म. मग विठाआत्या, अण्णांची थोरली बहीण, पदर खोचून पुढं आली. "आबा, राजी कुटं जायाची न्हाई! तिचं हितंच लगीन लावू! या आता!"

सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. आणि एक कावळा खाली उतरला की! पिंडापासून दोन हातांवर.

माझं डोकंच फिरलं. मी गायले. ठरवून नाही, तोंडातून निघालंच. वरचा सूर, होता नव्हता तेवढ्या आवाजात. तिन्ही कावळे उडाले ते थेट नदीपल्याड!

"पिंडावरचा कावळा हाकलला गं भवानीनं!" — आत्या. सत्यमला हसू फुटलं, त्याच्या पाठीत एक बसली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला.

घरी येताना अण्णा एकच वाक्य बोलले. "आबांच्या मनात न्हवतं. कळलं ना आता?"

सूर पातळ मात्र लागला नाही. मॅडमना सांगणार आहे.

२१ मार्च

अण्णा अजून बोलत नाहीत. कावळा घाबरला, त्यात आबांच्या मनाचा काय संबंध? आवाज ऐकून कुत्रीपण पळतात आमची!

उत्तर लिहून ठेवलंय — येते म्हणून. जाणार म्हणजे जाणार. फक्त पाठवलं नाही अजून. आवाजाची मला शंभर टक्के खात्री आहे, तो कुठंही उभा राहील. पण अण्णांनी एकदा "जा" म्हणायला पाहिजे. त्यांनी तोंड फिरवलेलं असताना मी तिथं काय गाणार? खूप वाईट वाटतंय आज.

२४ मार्च

पोलीस ठाण्यातून हवालदार आले, पासपोर्टच्या चौकशीला. अण्णा म्हणाले, "पोरीचा वर्षापूर्वीच मिळालाय." हवालदारांनी कागद पुढं केला. अर्जदार अंबाजी, वय शहात्तर. अर्ज पंचवीस फेब्रुवारीचा. फोटोत आबा नव्या सदऱ्यात, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या.

आबा गेल्याचं ऐकून हवालदारांनी विचारलं, "बाबांना कुठं जायचं होतं?"

अण्णांनी कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "जर्मनीला. त्यांची नात गाती तितं."