जोडीदाराचा रकाना

३ नोव्हेंबर, रविवार
आजवर या दोन हातांनी केलेल्या वस्तू : घडीची शिडी. सायकलचं मागचं कॅरियर. ही होती तेव्हा तिच्या शिवणयंत्राचं टेबल (सध्या त्यावर काही नसतं, पण हलत नाही). आणि आज पूर्ण झालेला, हँडलवर बसणारा खाण्याचा डबा. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियम. झाकणाला चोरखटका. दोन बोटांनी दाबायचं, अंगठ्याने अर्धा फेरा, मग वर. माझ्याशिवाय कोणाला उघडता येणार नाही. हे सगळं कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता.
२४ तारखेला ग्रुपची शंभर किलोमीटर राइड. जायचंच. डायबेटिस टाइप टू, वर्षं आठ. शेवटी साखर म्हणजे हिशोब, आणि हिशोबात मी कच्चा नाही.

५ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी पाच गोष्टी सांगितल्या. लांबच्या राइडला सकाळची गोळी अर्धी. नाश्ता करून, साखर तपासून निघायचं. दर पाऊण तासाने थोडं खायचं. ग्लुकोज खिशात, हाताशी. एकटं जायचं नाही. पहिल्या चारांत सुधारणेला वाव आहे. पाचवी वैद्यकीय नसल्याने लिहून ठेवण्यापुरती.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
खजूर २२ ग्रॅम, ओट्स ११, शेंगदाणे ७. असा एक गोळा. एकूण चोवीस केले. चाचणी म्हणून चार खाल्ले. साखर २१३. वजनकाटा दोनदा तपासला, बरोबर आहे. म्हणजे साखरेचं मशीन चुकतंय.

१० नोव्हेंबर, रविवार
ग्रुपच्या प्रमुखाला मी मनात शिट्टी म्हणतो, कारण तो सारखी वाजवतो. त्याने यंदा फॉर्म काढलाय. प्रत्येकाने जोडीदाराचं नाव लिहायचं. साखरेची औषधं घेणाऱ्याच्या जोडीदाराला साखर कुठे ठेवलीय, कधी द्यायची, हे माहीत पाहिजे. त्याशिवाय यादीत नाव नाही.
रकाना कोरा ठेवलाय. आत्ताच एकाचं नाव टाकलं तर बाकीचे नाराज व्हायचे.

१३ नोव्हेंबर
आमच्या कारखान्याचा स्टोअरकीपर ग्रुपमध्ये आहे. त्याला पहिला मान दिला. म्हणाला, गुडघा दुखतो, यंदा राइडच नको. बिचारा. तरी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास खटका समजावला. त्याने विचारलं, मग ग्लुकोज सरळ खिशातच का नाही ठेवत? काहींना यंत्राची नजर नसते, त्याला इलाज नाही.

१५ नोव्हेंबर
यादी आली. स्टोअरकीपर, जोडीदार शिट्टी. गुडघा बरा झालेला दिसतो. बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
जोडीदाराची गरज नाही हे शिट्टीला आकड्यांत दाखवायचं ठरवलं. एकट्याने साठ किलोमीटर. निघताना साखर ११८. नाश्ता नाही, खजुराच्या गोळ्यांत सगळं मोजलेलं आहे. औषधाची गोळी आख्खी, कारण अर्धी करताना भुगा होतो.
अडतिसाव्या किलोमीटरला घाम. हात लटपटायला लागले. दोन बोटं खटक्यावर ठेवली, पुढे अंगठा कुठे न्यायचा ते आठवेना. साखरेचं मशीनही डब्यातच. डबा दगडावर आपटला, तरी उघडला नाही. काम पक्कं झालंय.
पंक्चरच्या टपरीतली बाई धावत आली. म्हणाली, दादा, आधी बसा, डबा कुठे पळत नाही. स्वतःच्या चहात आणखी तीन चमचे साखर घालून पाजली. मग म्हणाली, घरच्या कोणाला तरी बोलावते, नंबर सांगा. मी दहाही आकडे न अडखळता सांगितले. फोन माझ्याच खिशात वाजला. ती कानाला लावून वाट बघत राहिली, कोणी उचलतंय का. मग तिच्या लक्षात आलं. दुसरा कप ओतला.
नोंद : स्मरणशक्ती शाबूत.

१९ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी पाचवी गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी खुर्चीतून उठून. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवल्या. विकतच्या आहेत.

२१ नोव्हेंबर
फॉर्म भरला. जोडीदार : स्वतः. शिट्टीने परत पाठवला. म्हणाला, राग मानू नका, पुढच्या वर्षी बघू. राग कसला? पुढच्या वर्षी मलाच वेळ आहे का, ते बघावं लागेल.

२४ नोव्हेंबर, रविवार
सकाळी सहाला ग्रुप आमच्याच रस्त्याने गेला. गॅलरीतून मोजले. सतरा. दोघादोघांनी, शेवटचे तिघं एकत्र. म्हणजे नियम वाकतो.
संध्याकाळी मुलीचा फोन. डॉक्टरीणबाईंनी तिला कळवलेलं दिसतं. म्हणाली, बाबा, मला तिकडे येणं जमत नाही, पण एक माणूस बघितलाय. सायकल येते, स्वभावाने शांत आहे. दर रविवारी तुमच्याबरोबर येईल. पैसे मी देईन, फेरीमागे पाचशे.
नको म्हणालो. म्हटलं, इथे माझ्याबरोबर यायला रांग लागते, कोणाकोणाला नाही म्हणू? शिवाय पैसे घेणाऱ्याला, मी मागे पडलो तर थांबावंच लागणार. थांबायचं ते आपणहून.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सातशे.