गावपळणीचा नेस्टेड फॉर्म

४ नोव्हेंबर
देवाने उजवा कौल दिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावपळण. म्हणजे अख्खं आंबेरवणे गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन शिवेबाहेर पडणार आणि तीन दिवस नदीपल्याड झोपड्यांत राहणार. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. गाव देवाच्या ताब्यात. (हे मी कोणाला समजावतोय? रोजनिशी माझीच. पण उद्या प्रॉडक्ट मोठं झालं की डॉक्युमेंटेशन म्हणून उपयोगी पडेल.)

देवळातल्या बैठकीत नेहमीचं रडगाणं. गेल्या वेळी झोपड्या कमी पडल्या, कोणाच्या वाट्याला गोठ्याशेजारची आली, कोणाची सासू उघड्यावर झोपली. मी उभा राहिलो. म्हटलं, नोंदणीचं आणि झोपडीवाटपाचं ॲप मी करून देतो. मग गुरुदासकाका, म्हणजे आमचे मुख्य मानकरी, म्हणाले, "कर बाबा. तुका तरी दुसरा काम खंय आसा." माणूस कौतुकसुद्धा किती साधेपणाने करतो!

५ नोव्हेंबर
किशोरीशी करार झाला. लिहून ठेवतो.

पार्श्वभूमी: पुण्याची नोकरी एप्रिलात गेली. गेली म्हणजे कंपनीने एक टीम बंद केली, टीममध्ये मी होतो. गावात सांगितलंय 'वर्क फ्रॉम होम'. खरं काय ते फक्त बायकोला आणि तिच्या माहेरी माहीत. किशोरी हायस्कूलला गणित शिकवते, तूर्त घर तिच्या पगारावर. तिचा भाऊ मंगेश, त्याची वेंगुर्ल्याकडे काजूची फॅक्टरी. तो म्हणतो, या, स्टॉक सांभाळा. मेहुण्याच्या हाताखाली! मी! बारा वर्षं रूबी ऑन रेल्स (वेब ॲप बांधायचं शास्त्र) कोळून प्यालेला माणूस!

तर करार असा. गावपळण ॲपवर पार पडली आणि देवस्थान कमिटीने ॲप कायमचं घेतलं, तर मी इथेच धंदा टाकणार. शेजारच्या गावांच्या पळणी, जत्रा, सप्ते, सगळं माझ्याकडे येणार. नाही तर पळणीनंतरच्या सोमवारी मंगेशकडे. किशोरी म्हणाली, बघूया. म्हणजे पटलंय.

६ नोव्हेंबर, दुपार
आर्किटेक्चर तयार. घर ही मुख्य गोष्ट. घराच्या पोटात माणसं, घराच्या पोटात गुरं, घराच्या पोटात कोंबड्या. भरणाऱ्याला दिसणार एकच फॉर्म, खाली एकच सबमिट. दाबलं की ज्याने त्याने आपापल्या जागी जाऊन बसायचं. याला म्हणतात नेस्टेड फॉर्म. रेल्समध्ये हे एका ओळीचं काम आहे. एका ओळीचं! दोन दिवसांत उडवतो. उरलेला महिना मार्केटिंग.

किशोरी म्हणे, एका फॉर्ममध्ये एवढं कोंबायचं कशाला? आधी घर भरून घ्यावं, पुढच्या पानावर माणसं, त्याच्या पुढे जनावरं. गणितवाल्यांना आर्किटेक्चर कळत नाही. वाद घातला नाही.

९ नोव्हेंबर
ती एक ओळ लिहिली. चालत नाही. दोष ओळीचा नसावा. आज लाइटही कमी दाबाने येतेय.

११ नोव्हेंबर
सापडलं. पोटातली माहिती आत घ्यायला वेगळी परवानगी द्यावी लागते. ती दिली नव्हती. त्यामुळे घर आत आणि माणसं दारातच उभी. हे मला माहीत होतं. विसरणं वेगळं, माहीत नसणं वेगळं.

'आणखी एक' हे बटण केलं. दाबलं की नवी रिकामी ओळ. सध्या एकदा दाबलं की दोन येतात. ठेवलं तसंच. नाही तरी कोंबडी कोणी एकटी पाळत नाही.

AI ला विचारलं नाही. विचारणं म्हणजे हार.

१४ नोव्हेंबर
पहिला डेमो. शेजारच्या हौसाकाकींना बसवलं. घर, काका, मुलगा, दोन गायी, सगळं झकास भरलं. फक्त फोन नंबर चुकला होता. म्हटलं, काळजी नको, एडिट करा. केलं. सेव्ह केलं. पडद्यावर काका दोन, मुलगे दोन, गायी चार. काकींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "ह्या एका घोवाक सांभाळता सांभाळता माझो जीव गेलो, दुसरो कित्या हाडलंस रे?" गायी मात्र राहू दे म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर
दुरुस्त. जुन्या माणसाचा सिस्टीमने दिलेला ओळख क्रमांक फॉर्मबरोबर परत येतो, तो मी दारातच अडवत होतो. त्यामुळे फॉर्मला दर वेळी वाटायचं, हा कोणी नवाच पाहुणा आला. क्षुल्लक गोष्ट. दिवस गेला.

काल रात्रीपर्यंत हौसाकाकींनी हौसेने नंबर आणखी तीनदा बदलला होता. काका आता पुरेसे झालेत. पुसतोय.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून काम.

१८ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा
उठलो.

नवा नियम घातला: नाव नसलेली ओळ आपोआप गळणार. 'आणखी एक'च्या जास्तीच्या ओळींचा बंदोबस्त. चाचणीची लिंक ग्रुपवर टाकली, उत्तम चाललं. फक्त गावातल्या सगळ्या कोंबड्या गळाल्या. कोंबड्यांना नावं नसतात, हे रेल्स बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

उपाय: ग्रुपवर मेसेज टाकला, कोंबड्यांना नावं द्या.

२० नोव्हेंबर
लोकांनी दिली! या गावाला टेक्नॉलॉजीची भूक आहे, मी म्हणतच होतो. बाबलीने आपल्या कोंबड्यांना बायकोच्या माहेरच्या बायकांची नावं घातली. आता त्याच्या घरात अबोला आहे. तो सॉफ्टवेअरच्या कक्षेबाहेरचा विषय.

बाबली म्हणजे मांडववाला. बांबू, झावळ्या, सुंभ, सगळं त्याचं. पळणीच्या झोपड्या तोच उभारणार.

२१ नोव्हेंबर
गंगाराम आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच घरात राहतात, मध्ये भिंत. कित्येक वर्षं बोलत नाहीत. दोघांनी स्वतंत्र फॉर्म भरला, एक घर दोनदा आलं.

इथे माझा मास्टरस्ट्रोक. फॉर्ममध्ये 'घराचा मालक' हा रकाना आहेच. नियम असा की त्या नावाचा मालक आधी नोंदलेला असेल तर नवं घर करायचंच नाही, सगळ्यांना त्याच घराच्या पोटात ढकलायचं. घर दोघांच्या बापाच्या नावावर आहे, म्हणजे दोघे भाऊ एका झोपडीत. टेस्ट केलं. मालक 'टेस्ट', माणूस 'टेस्ट एक', कोंबडी 'टेस्ट'. पास. जुनी माहिती सगळी पुसली. खरी नोंदणी नव्याने.

किशोरी म्हणे, या नियमावर गावातल्या चार माणसांकडून आधी भरून घ्यावं. आता बायकोने मला टेस्टिंग शिकवायचं!

२५ नोव्हेंबर
नोंदणी सुरू. ग्रुपवर लिंक टाकली, संध्याकाळपर्यंत अर्धा गाव आत. एकही एरर नाही. एकही! आमच्या घराचा फॉर्म भाईंनी, म्हणजे वडिलांनी, स्वतः मोबाइलवर भरला आणि कसा भरला ते दाखवायला आले. मी बघितलं नाही. म्हटलं, माझा तुमच्यावर विश्वास आहे.

किशोरी म्हणे, भरलेली माहिती एकदा उघडून बघा तरी. मी तिला समजावलं की डेटा प्रायव्हसी नावाची गोष्ट असते.

२८ नोव्हेंबर
ऑटोमेशन! किती झोपड्या, केवढ्या झोपड्या, याचा मेसेज सिस्टीममधून थेट बाबलीच्या फोनवर. मी मध्ये कुठेच नाही. हीच तर गंमत.

बाबलीचा फोन आला, "येवढीच मा? नक्की मा?" म्हटलं, सिस्टीमने सांगितलं तसं कर, सिस्टीम चुकत नाही. तो म्हणाला, बरां.

३० नोव्हेंबर
कुडाळला जाऊन व्हिजिटिंग कार्डं छापली. नावाखाली 'फाउंडर'. मंगेशचा फोन आला होता, भावोजी, सोमवारचा काय ठरला? किशोरीने घेतला. मी मीटिंगमध्ये आहे असं सांग म्हटलं. तिने सांगितलं, ते चिकू खातायत.

४ डिसेंबर, दुपार, नदीपल्याड
शांतपणे लिहायला हवं.

सकाळी देवळात गाऱ्हाणं झालं, ढोल वाजला आणि गाव निघालं. डोक्यावर वळकट्या, काखेत कोंबड्या, पुढे गुरं. मी लॅपटॉप पोटाशी धरून. नदी ओलांडून वर आलो तर मळ्यात झोपड्या नाहीत. एक मांडव. एकच. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही एवढा लांब.

बाबलीला बाजूला घेतलं. तो म्हणे, "मेसेजात एकच झोपडी आणि माणसा सगळी. माका वाटला ह्या वर्सा तसाच ठरला."

बांबूच्या राशीमागे बसून फोन उघडला. एकूण घरं: एक. मालक: देव रवळनाथ. माणसं: सगळं गाव. गुरं: सगळी. कोंबड्या: नावांसकट सगळ्या. प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, 'घराचा मालक' या रकान्यात देवाचं नाव घातलंय. भाईंनीसुद्धा! आणि माझ्या नियमाने एका मालकाचं एकच घर.

भाईंना विचारलं, असं कसं लिहिलंत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसा मीच बाहेरगावचा. "अरे, पळणीत घर कोणाचा? देवाक सोपवून येतव मा आपण? मग मालक म्हणान आपला नाव घातलंव तर हात झडतीत."

हे मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. पण डेटा मॉडेलमध्ये कोणी घालतं का?

किशोरी लांबून बघतेय. गुरुदासकाका मांडवाच्या तोंडाशी उभे आहेत, मागे सगळं गाव.

४ डिसेंबर, संध्याकाळ
वाचलो! काकांनी मांडव या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. हात जोडले. म्हणाले, "देवाच्या मनात ह्या वर्सा एकच घर होता." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. मी तर सगळ्यांत मनापासून.

नंतर गप्प राहिलो. मौन हे सीनियर माणसाचं लक्षण आहे.

५ डिसेंबर
काय मजा येतेय! एकच चूल, एकच मोठं भांडं, सगळ्या गावाला भात आणि नदीतल्या तिसऱ्या-शिंपल्यांची कढी. कोणाला कोणती झोपडी हा तंटाच नाही. गंगाराम आणि त्याच्या भावाच्या चटया गर्दीत शेजारी आल्या. सकाळी गंगारामने भावाला तंबाखू दिली, न बोलता. भावाने चुना दिला, न बोलता. हौसाकाकी फुगडी घालताना आवरत नाहीत. भाई इतके हसलेले मी कैक वर्षांत पाहिले नव्हते. खरं सांगतो, मला भरून आलं.

विचार केला की हे मी मुद्दाम केलं असं म्हणता येईल का? येईल. दुपारपर्यंत दोघांना सांगून झालं की याला 'सोशल आर्किटेक्चर' म्हणतात. किशोरी जवळच तांदूळ निवडत होती. तिला ठसका लागला.

६ डिसेंबर
कोंबड्या सगळ्यांच्या सगळ्यांत मिसळल्या. संध्याकाळी बाबली मांडवभर मेहुणीच्या नावाने हाका मारत फिरत होता. मेहुणी खरीच पाहुणी म्हणून आलेली. तीन वेळा "काय ओ?" म्हणून धावत आली. चौथ्या वेळी चप्पल घेऊन आली.

उद्या परतीचा कौल. परवा कमिटीची बैठक. भाषणाचे मुद्दे: ग्रामीण डिजिटायझेशन, माझा प्रवास, पुढची दिशा. कार्डं इस्त्रीच्या शर्टात ठेवली.

७ डिसेंबर
कौल मिळाला. परत आलो. घर जसंच्या तसं, अंगणात पाचोळा तेवढा. आजवरची सगळ्यांत चांगली पळण, असं जो तो म्हणतोय. जो तो! किशोरीला म्हटलं, मंगेशला आजच कळवून टाक. ती म्हणाली, उद्याची बैठक होऊ दे.

८ डिसेंबर, रविवार
बैठक. पहिल्या रांगेत बसलो. गुरुदासकाकांनी पळणीचं तोंडभरून कौतुक केलं. मी मान खाली घालून हसलो. मग ते म्हणाले, नारळ द्यायचा आहे. मी उठलो. नारळ देवापुढे ठेवला. मी पाय मोकळे करायला उठलो होतो असं दाखवून परत बसलो.

मग ठराव. एकमताने. यापुढे प्रत्येक पळणीला एकच मांडव, देवाची तशी इच्छा आहे. शेजारच्या दोन गावांचे मानकरी पाहुणे म्हणून आले होते, तेही म्हणाले आम्हीही तसंच करतो. टाळ्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. एकच मांडव. म्हणजे वाटप नाही. वाटप नाही म्हणजे नोंदणी नाही. म्हणजे फॉर्म नाही.

हात वर केला. म्हटलं, काका, मग ॲप? काकांनी खांद्यावर हात ठेवला. खरंच मायेने. "आता नको रे झिला. महिनोभर किती तरास झालो तुका! सुटलंस."

एक कार्ड बाबलीला दिलं. त्याने सुपारी बांधली.

९ डिसेंबर, सोमवार
सकाळी किशोरीने डबा भरून दिला. डब्यात खीर होती, आज सणवार नसताना.

मंगेशने गेटवर येऊन नमस्कार केला. चहा पाजला. सगळी फॅक्टरी दाखवली, बायकांनी भरलेल्या खोल्या, गरगर फिरणारी चाळणी, पोत्यांची थप्पी. मग ऑफिसात नेऊन खुर्ची दिली, कॉम्प्युटर चालू केला आणि जरा अवघडून विचारलं, "भावोजी, एक्सेल येता मा तुमका?"

थोडंफार येतं, म्हणालो.