पाहुण्यांचा पत्ता

काल्हेर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. भाविक,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. आईचा गुडघा पुन्हा धरलाय, तरी सुके बोंबील निवडायला तीच बसली. शेजारचा देवेश उद्या पुण्याला येतोय, त्याच्या हातून बोंबील पाठवतेय आणि त्याच पिशवीत हे पत्र. वास लागला तर आईला बोल लाव. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, म्हणून शेवटी कागद घेतला.

कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग होती तशीच आहे. बाबांनी ओटीवर नवा पत्रा घातला. आता दिवसभर तिथे बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या नोकरीचं कौतुक ऐकवतात. कुरियरवाल्यालाही सोडत नाहीत.

पूर्णा गावचे चिंधूकाका भेटले, बाबांचे दोस्त, गोदामवाले. तुझं नाव निघालं. त्याचं पुढे लिहिते.

तुला आठवतं, मागच्या खोलीत मी गोदामाच्या मालाचा प्रोग्राम लिहायला घेतला तेव्हा तू डिप्लोमाला होतास? माझं मशीन विंडोजचं, गेटवर ठेवायचा छोटा डबा लिनक्सचा आणि मैत्रीण निशाने दिलेला तिचा जुना मॅक. तिन्हीवर एकच प्रोग्राम चालायला हवा होता. बारकोड वाचणारी, लेबल छापणारी तयार कोडची लायब्ररी काही आपण लिहिलेली नव्हती, बाहेरून आणलेली होती. म्हणून त्या फोल्डरचं नाव मी 'पाहुणे' ठेवलं. आणि नियम घातला की पाहुणे कुठे उतरलेत ते ज्याने त्याने आपापल्या मशीनच्या सेटिंगमध्ये लिहायचं, सगळ्यांच्या सामायिक फाइलीत कुणीही आपल्या घरचा पत्ता लिहायचा नाही. नाहीतर तो पत्ता बिल्डमध्येच, म्हणजे तयार झालेल्या प्रोग्राममध्येच, घट्ट बसतो आणि प्रोग्राम दुसऱ्याच्या दारात जाऊन माझं घर शोधत राहतो.

तुला त्याचा कंटाळा. "चालतंय ना ताई, मग कशाला?" माझे पाहुणे ऋतिका नावाच्या फोल्डरात असायचे; माझी सेटिंग उचलून पत्ता बदलायच्या ऐवजी तू तुझ्या मशीनवर चक्क त्याच नावाचं फोल्डर बनवायचास आणि पाहुण्यांना त्यात कोंबायचास. मी हसायचे. आईला म्हणाले होते, हा आळशी जन्मभर माझ्या नावावर जेवणार.

मंगळवारी सकाळी चिंधूकाकांचा फोन आला. "बाय, जरा ये इकडं. मशीन बंद पडलंय आन स्क्रीनवर तुजं नाव आलंय."

मला काही कळेना. दिवाळीनंतर मी त्यांच्याकडेच जाणार होते, आपला प्रोग्राम दाखवायला. माझं पहिलं मोठं काम. तुला किती वेळा सांगितलं होतं, तूच म्हणालास की घाई करू नको, अजून पक्का होऊ दे.

पूर्ण्याला पोचले तर गेटबाहेर ट्रक खोळंबलेले, हमाल गोण्यांवर बसून तंबाखू मळत होते. ऑफिसातल्या स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं होतं की डी ड्राइव्हवर, ऋतिकामध्ये, पाहुणे सापडत नाहीत. वर प्रोग्रामचं नाव वेगळंच, त्याखाली तुझं. बाकी सगळं माझं होतं. 'माल आला', 'माल गेला' ही बटणंसुद्धा, आणि त्यांचा तो शेवाळी रंग, ज्याला तू नाकं मुरडायचास.

तिथे कॉम्प्युटरवर बसणारी मंदा बिचारी घाबरली होती. "जागा भरलेली, म्हनून साफ करत होते. आपल्याकडं ऋतिका कोनी न्हाय. म्हटलं कुनाचे फोटो असतील, टाकलं काढून."

चिंधूकाका माझ्याकडे बघत होते. "भाविकनं पावसाळ्याच्या आधी बसवून दिलं. बोलला, मी एकट्यानं केलंय. मंग तुजं नाव कसं यात?"

"आमच्या घरचंच हाय, काका. मला ठाव होतं," मी म्हणाले.

मला ठाऊक नव्हतं, भाविक. मी खोटं बोलले, आणि ते तुझ्यासाठी नाही. बाबा ओटीवर बसलेले माझ्या डोळ्यांसमोर आले.

तू मला फसवलंस. फिरवून लिहिणार होते, पण दुसरा शब्द सापडला नाही. मागितला असतास तर दिला असता, याचाच जास्त राग येतो. तू मला थांबायला सांगितलंस आणि मी इथे तोच प्रोग्राम पक्का करत बसले, तू तो आधीच देऊन मोकळा झाला होतास. आणि देताना माझा पत्ता बदलायचीही तसदी घेतली नाहीस. त्यांच्याही मशीनवर ऋतिका नावाचं फोल्डर बनवलंस आणि निघालास.

लॅपटॉप सोबत होता. मी काम नियमाने केलं. पाहुण्यांना प्रोग्रामच्या शेजारीच जागा दिली आणि पत्ता तिथूनच मोजायला लावला, म्हणजे कुठेही नेऊन ठेवा, चालेल. नवा बिल्ड करायच्या आधी मात्र हात थांबला. हा प्रोग्राम माझा आहे असं सांगणारी त्यात एकच गोष्ट उरली होती, पत्त्यातलं माझं नाव, आणि ती मलाच काढायची होती. बाहेर हमाल बसून होते. काढली. गेट सुरू झालं, मंदाने चहा दिला, काका म्हणाले, भाऊ-भैन दोघं हुशार हाव.

घरी कुणाला काही बोललेले नाही. आईला वाटतंय मी पित्तामुळे जेवत नाही.

भाऊबीजेला ये. पण आधी पूर्ण्याला जा आणि चिंधूकाकांना स्वतःच्या तोंडाने सांग, काम कुणाचं ते. मी बरोबर येणार नाही. ते जमलं नाही आणि थेट घरी आलास, तर ताट तयार असेल, आई जेवायलाही वाढेल, पण ओवाळायला मी बाहेर येणार नाही. आईला कारण तू सांग.

बोंबील उन्हात एकदा दाखव, नाहीतर बुरशी धरतील.

खाली सवयीने 'तुझी ताई' लिहायला घेतलं होतं. ते तू पूर्ण्याहून आल्यावर.

ऋतिका