हंबीररावाला करेल, संयोगिताला घर

मी, कृष्णात गुंडू चौगुले, वय एकोणपन्नास, राहणार कुरुंदवाड, धंदा इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्तीचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. 'शुद्धीत' हा शब्द वकिलांनी एकदाच घातला होता. मी म्हणालो, दोनदा घाला. कारण माझा थोरला भाऊ हंबीरराव नेमका तोच खोडायला टपला आहे. तर पुन्हा लिहितो, शुद्धीत.

मला एचआयव्ही आहे हे गावाला ठाऊक आहे. मध्यंतरी मला विसर पडू लागला. हातात पाना धरून पाना शोधायचो. तेव्हापासून हंबीरराव भेटेल त्याला सांगतो, "रोग डोस्क्यात गेलाय त्याच्या. आता त्याच्या सहीला काय अर्थ न्हाय." हाच हंबीरराव दिवाळीत स्वतःची मोटारसायकल जयसिंगपूरच्या बाजारात विसरून एसटीने घरी आला. त्याची सही मात्र अजून चालते.

१. माझे दोन खोल्यांचे घर मी स्वकमाईतून बांधले आहे. ते पत्नी संयोगिता हिला पूर्ण मालकीने देतो. तिच्या तपासणीत काही निघाले नाही. माहेरचे न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "मी गेल्यावर ह्यास्नी गोळ्या कोण देणार? भावजी?" भावजी, म्हणजे हंबीरराव, त्या वेळी माझ्यासाठी वेगळा कप शोधत होते.

२. डॉक्टर अनुजा मगदूम मला म्हणाल्या, "गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि व्यायाम करा. डोक्यालाही फायदा होऊ शकतो. हमी देत नाही." हमी न देणारा माणूस मला आवडतो, म्हणून तालमीत गेलो. माती बाटेल म्हणून पोरं कुरकुरली. गैबी वस्ताद ओरडले, "रोग मातीनं पसरत न्हाय रं, तुमच्या तोंडानं पसरतोय!" त्यांच्याकडे जोर मारताना आकडा मोठ्याने म्हणायचा, चुकला की पुन्हा एकपासून. सुरुवातीला मी नुसता 'एक'चाच जप केला. समोरचा मारुतीही कंटाळला असेल. आता आकडा सहसा चुकत नाही. श्रेय गोळ्यांचे, जोरांचे की मारुतीचे, ते त्या तिघांनी आपसात ठरवावे. मी तिघांनाही रोज हात जोडतो.

३. माझा करेल, म्हणजे खांद्यावरून फिरवायचे ते जड लाकूड, हंबीररावाला देतो. कोर्टात जाण्याआधी त्याने करेल मोठ्याने आकडा म्हणत फिरवावा. चुकला तर एकपासून. तोवर संयोगिता घर आपल्या नावावर करून घेईल.

४. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका असे वकील म्हणाले, म्हणून गैबी वस्तादांना काही नाही. त्यांना तसे सांगितले तर म्हणाले, "तुझ्याकडं हाय काय द्यायला?"

५. माझ्या देहाला हात लावायला कोणी भिऊ नये. जे भितील त्यांनी जेवायलाही थांबू नये.

वरील सर्व मी स्वतः वाचले, मला समजले, आणि मगच सही केली.

कृष्णात गुंडू चौगुले
कुरुंदवाड, जि. कोल्हापूर, १२ जानेवारी २०२५

साक्षीदार:

डॉ. अनुजा मगदूम. आज तपासले. लिहिणाऱ्यास आपण काय लिहितो ते नीट समजते आहे.

गैबी जमादार, वस्ताद. माझ्यासमोर सही केली. डोस्कं जाग्यावर हाय. ज्याला शंका असंल त्यानं लंगोट घेऊन तालमीत यावं.