पितळी पट्टी

३ मार्च, सोमवार

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी! जुन्या लष्करी वस्तू ओळखायच्या आणि प्रत्येकीचं कार्ड लिहायचं, एवढंच काम. मालकांना सगळे कॅप्टन म्हणतात. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यात साधी बेचकीसुद्धा हातात धरलेली नाही. पण संग्रह बघून माझे डोळे विस्फारले. तीन खोल्या भरून हेल्मेटं, पदकं, बिल्ले, कोट. मला वरची खोली मिळाली आहे, खिडकीशी मोठं टेबल, भिंग, दिवा. आणखी काय पाहिजे माणसाला?

आईला पोचल्याचं कळवलं, मग धाकट्याला फोन केला. तो छावणीत आहे, खराखुरा शिपाई. म्हणाला, घरात आता दोन फौजी झाले, एक सरहद्दीवरचा आणि एक बटणांचा. आठ वर्षांनी लहान आहे, पण जिभेला हाड म्हणून नाही. बाबा गेले तेव्हा तो तिसरीत होता. सायकल मीच शिकवली, शाळेत पालक म्हणून मीच उभा राहायचो. भाऊ कमी, पोरगाच जास्त.

५ मार्च

आज एकतीस कार्डं झाली. बटण नेहमी मागून बघायचं, पुढून सगळी सारखीच दिसतात. पदक खोटं असेल तर कड चुगली करते. कॅप्टनांचा नियम एकच आहे: पितळ कधी घासायचं नाही. त्यावर चढलेला हिरवट कळंक म्हणजे वस्तूचं वय, तो गेला की वस्तू गेली.

एका डब्यात एक खाकी कोट आहे आणि त्याच्या खिशात शिपायाची पितळी ओळखपट्टी. ऐंशी वर्षांपूर्वीची, झिजून अगदी कोरी. कॅप्टन म्हणाले, तिच्या नादी लागू नकोस, वाचणारे थकले. असं म्हटल्यावर मी थोडाच गप्प बसणार!

६ मार्च

पट्टीवर पातळ कागद ठेवला आणि वरून पेन्सिल फिरवली, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तशी. चार आकडे उमटले. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

धाकट्याचा फोन आला होता. बारा तारखेला त्यांची तुकडी पुढच्या ठाण्यावर जाणार. आवाजात केवढा उत्साह!

८ मार्च

आज पूर्ण क्रमांक आला. तो धाकट्याचा आहे. पैसे पाठवताना, पत्र लिहिताना शंभरदा लिहिलाय मी, चुकणार कसा? क्रमांकाखाली नाव आहे. तेही त्याचंच. बाबांच्या नावासकट.

योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण कोट उलटा करून बघितला. तिसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलंय आणि गाठ बाहेरच्या बाजूला आहे. आईची गाठ. आतली गाठ अंगाला टोचते म्हणून ती बाहेर मारते. त्यावरून आम्ही तिला किती चिडवायचो. डाव्या खिशाखाली एक भोक आहे, कडा करपलेल्या. कसरीने खाल्लेलं नव्हे. कसरीचं भोक मी ओळखतो.

कोट डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

९ मार्च

छापाचा कागद जाळला. उपयोग शून्य. अक्षरं आता नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

कॅप्टनांना पट्टी दाखवली. त्यांनी भिंगातून बघितली आणि म्हणाले, कोरी तर आहे. मग मला दोन दिवस विश्रांती घे म्हणाले.

११ मार्च

नावाखाली तारीख उमटते आहे. ओळखपट्टीवर तारीख कधीच नसते. कधीच.

१४ मार्च. साल चालू.

धाकट्याला सांगितलं, आजारी पड, पाय मोडून घे, काहीही कर पण जाऊ नकोस. तो हसला. म्हणाला, दादा, जुन्या कोटांचा वास डोक्यात गेलाय तुझ्या. मग म्हणाला, हुकूम म्हणजे हुकूम. आईला काही सांगू नकोस म्हणाला.

काय करू? कोणाला सांगू? कोण ऐकणार?

१३ मार्च

त्याचा फोन लागत नाही. पुढे रेंज नसते म्हणे.

पट्टी दुपारी नदीत टाकली. परत आलो तर कोटाच्या खिशात — ओली.

१४ मार्च, सकाळ

एकच उरलंय. कानस आणली आहे. नियम गेला खड्ड्यात. नावच राहिलं नाही तर तारीख लागणार कोणाला?

दुपार

घासली. आधी तारीख, मग क्रमांक, मग नाव, एकेक अक्षर. हात सोलवटले. पट्टी आरशासारखी लख्ख. मोठमोठ्याने रडलो. वाचला. माझा पोरगा वाचला.

१५ मार्च

आईला फोन केला. धाकट्याची काही खबर आली का, विचारलं. ती म्हणाली, कोण धाकटा? तुझ्यानंतर मला मूल कुठे झालं रे? बरं नाही का तुला?

छावणीत विचारलं. असा क्रमांक त्यांनी कोणाला दिलेलाच नाही.

पाकिटात आमचा दोघांचा फोटो होता. आहे. मी एकटाच, एका सायकलची सीट धरून उभा. सायकलवर कोणी नाही.

पट्टीवर नाव पुन्हा कोरायला बसलो. तारखेसकट कोरीन. मेला तरी चालेल, पण असू दे — होता असं तरी —

पहिलं अक्षर कुठलं होतं?

१६ मार्च

सकाळपासून हातात खिळा आणि ही पट्टी. काहीतरी कोरायचं होतं. मागची पानं वाचली. अक्षर माझंच. धाकटा, धाकटा लिहिलंय सगळीकडे. नाव एकदाही का लिहिलं नाही मी? घरात कोणी —

रडू का येतंय इतकं? कोणासाठी मी हे —