पेटीवरची चार बोटं

अप्पा, तुमच्या हातच्या पेटीवर कागद ठेवून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली.

माझं लग्न ठरलं तेव्हा मद्रास मद्रासच होतं, आणि तुम्ही रेल्वेच्या नव्या कारखान्यात डबे रंगवत होतात. माझ्या लग्नात द्यायची म्हणून घरातली जुनी लोखंडी पेटी तुम्ही मैलापूरच्या मागच्या अंगणात काढलीत आणि घासायला मलाच बसवलंत. तारेच्या ब्रशने जुना रंग, मग एमरी पेपरने गंज. तुम्ही नेसून विरलेल्या पांढऱ्या वेष्टीची चिंधी पत्र्यावरून फिरवायचात, ती जराशी तांबूस झाली की म्हणायचात, "पुन्हा." तिसऱ्या दिवशी माझ्या बोटांची सालं निघाली. मोठी आत्या आली होती. ती म्हणाली, "पुरे रे, नवरी मुलगी ती." तुम्ही हसलात. "ही घासून उजळायची नाही. पेटी तरी उजळू दे." आत्याही हसली. माझ्या रंगावर तुम्ही नेहमीच बोलायचात, पण त्या दिवशी मला तुमचा द्वेष वाटला.

शुक्रवारी सकाळी तुम्ही पत्रा टर्पेंटाइनने पुसलात. "आता कोणी हात लावायचं नाही, तेलकट बोट लागलं तर रंग धरत नाही. समुद्राची हवा ही, दुपारच्या आत प्रायमर चढलंच पाहिजे," असं बजावून डबा आणायला आत गेलात. शुक्रवार म्हणजे बायकांचं तेलाचं न्हाणं. माझे हात तिळाच्या तेलाने माखलेले. मी झाकणाच्या कोपऱ्यावर चार बोटं दाबली, चांगली रोवून. स्वतः पुसलेला पत्रा तुम्ही परत तपासत नाही, हे मला ठाऊक होतं. तुम्ही आलात आणि तांबडं प्रायमर चढवलंत.

वर्षाच्या आत एग्मोरला माझ्या सासरी रंगाचा पापुद्रा सुटला, नेमका चार बोटांचा. तुम्ही भेटायला आलात तेव्हा सासऱ्यांनी मुद्दाम पेटी दाखवली. "कारखान्यातले डबेही असेच का?" तुमचा चेहरा उतरला. मला हेच तर हवं होतं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "कोणाचं हात हे? सांग मज." घरातले सगळे बघत होते. मी म्हटलं, "आईचं असेल. शुक्रवार होता तो."

घरी जाऊन तुम्ही आईची तेलाची बाटली मोरीत ओतलीत. पुन्हा डोक्याला तेल लावायचं नाही, असं सांगितलंत. तिने तुमचा शब्द पाळला. मरेपर्यंत, अकरा वर्षं. कपाळावर कुंकू, आणि केस कोरडे, भुरे, राठ. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, "तेल सोसत नाही मज." तुम्ही ते समोर बसून ऐकायचात, कॉफी पीत.

तुमची क्षमा मागत नाही. तुमचा तो उतरलेला चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं.

पण त्या शुक्रवारी आई न्हाणीच्या दारात उभी होती, शिकेकाईचं भांडं हातात घेऊन. बोटं दाबताना तिने मला पाहिलं होतं. बाटली ओतलीत तेव्हा तिने तुम्हाला माझं नाव सांगितलं नाही, आणि नंतर माझ्याशीही कधी त्याबद्दल बोलली नाही.

खरं तर हे पत्र तिला लिहायचं होतं. दोनदा कागद घेतला, "आई" या शब्दापुढे सरकले नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमच्याशी वाईट वागणं मला सोपं जातं.