परत करायचा प्रिंटर

२१ सप्टेंबर १९९८, सांगली
येणार! येणार! पुण्याच्या कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "पाठवतो मॅडम, रंगीत प्रिंटर. पंधरा दिवस वापरा, मग लिहा." मॅडम! मी!
दोन वर्षं पेपरात संगणकाचं सदर लिहितेय, पण यंत्र बघायला मिळायचं ते दुकानदारांच्या हातापाया पडून. तेही काउंटरवरच, अर्धा तास. वर पुन्हा — "खोका फाडू नका हं, ताई." मुंबईच्या मासिकांना म्हणे कंपन्या घरपोच धाडतात. आता आम्हालाही!

२६ सप्टेंबर
एसटीच्या पार्सल ऑफिसातून खोका सोडवला. रिक्षात मांडीवर धरून आणला, लेकरासारखा. थर्माकोलचा एक तुकडाही टाकायचा नाही, परत पाठवताना लागतो.
पहिलं पान कृष्णेच्या घाटाचं! आई बघत राहिली. "आपली कृष्णा एवढी निळी कवा व्हती गं?"

३० सप्टेंबर, खंडेनवमी
घात!
क्लासमध्ये शिकवून घरी आले, तर आईनं शिलाई मशीन, विळी, माझी सायकल आणि प्रिंटर — सगळ्यांची पूजा केलेली! प्रिंटरला तर झाकण उघडून आत ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. बाहेर धूळ बसते म्हणून आत! त्यातल्या चार ठिपक्यांपैकी तीनच, चौथ्यापाशी कुंकू सरलं.
"आई, हा परत करायचाय!" मी फडकं घेतलं. तिनं हात धरला. "कुंकू पुसत्यात व्हय? पावणा असला म्हणून काय झालं?"
हसू आवरेना. राहू दिलं. झाकणाच्या आत कोण बघतंय!

६ ऑक्टोबर
लेख छापून आला! शेवटी ठणकावून लिहिलं — डोळे झाकून घ्या.
संपादक सुमंत सर मात्र म्हणाले, "तुला त्यांनी वेचून पाठवला असणार. दुकानातला तसाच निघेल कशावरून?" रागच आला. चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही का?

१० ऑक्टोबर
प्रिंटर परत गेला. टेबल ओकंबोकं दिसतंय. पण साहेबांचा फोन! लेख आवडला, पुढच्या महिन्यात स्कॅनर पाठवतो म्हणाले. स्वयंपाकघरात जाऊन आईला गरागरा फिरवलं.

२ नोव्हेंबर
मावसभाऊ जोतीरामदादा आला होता. मुंबईची नोकरी सोडून आटपाडीत लग्नपत्रिका छापायचं दुकान काढतोय. माझ्या लेखाचं कात्रण खिशात! साताऱ्याच्या दुकानातून तोच प्रिंटर मागवलाय. म्हणाला, "तू लिवलंस म्हंजे झालं. खोका तूच फोडायचा बघ."
एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

६ नोव्हेंबर
स्कॅनर आला!! सबंध सांगलीत हे मॉडेल फक्त माझ्या टेबलावर!

८ नोव्हेंबर, आटपाडी
दुकानापुढं मांडव. नारळ फुटला. खोका सीलबंद, टेप कोरी करकरीत. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मी प्रिंटरचं झाकण उघडलं.
आत स्वस्तिक.
"बघा, कंपनीनंच पूजा करून धाडलाय!" दादानं हात जोडले. टाळ्या वाजल्या.
ठिपके तीन.

८ नोव्हेंबर, परतीच्या एसटीत
दादाला तिथंच सांगितलं. हा आमच्याच घरी होता, मी वापरून परत पाठवलेला. तुला नवा म्हणून विकला. आईनं हात धरला नसता तर कुणाला कळलंही नसतं! मीच "डोळे झाकून" लिहिलं, आणि दादानं झाकले.
त्यानं झाकण लावलं. मग म्हणाला, "ह्यो मी परत देतो. पन ह्येबी लिवशील न्हवं?"
लिहिलं की ही कंपनी माझ्यापुरती संपली. बाकीच्याही काही धाडणार नाहीत. पुन्हा दुकानदारांचे पाय. "लिहिते," म्हटलं. रडूही आलं.

९ नोव्हेंबर, सांगली
लेख सुमंत सरांच्या हातात दिला. स्कॅनर खोक्यात भरायला घेतला. आईला म्हटलं, कुंकू आण. ह्याला बाहेरून लाव. चारी ठिपके दे.